मित्राची गोळी

"वहिनी, आमचे पाहुणे उपाशी मरणार असं दिसतंय!"

पडद्यावर कॅप्टन समरजित शितोळे हसत होता. दाढीत बर्फाचे कण अडकले होते आणि मागे कुणीतरी स्टोव्ह पेटवायची खटपट करत होतं. त्रिशंकू हे उत्तर सीमेवरचं सगळ्यांत उंच ठाणं. तिथे समरजितच्या हाताखाली चाळीसेक जवान होते, आणि त्या प्रत्येकाच्या आतड्यात 'पाहुणे' मुक्कामाला होते. या पाहुण्यांची सरबराई पुण्याच्या सैनिकी आरोग्य संशोधन केंद्रातून चाले. तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. केतकी शितोळे, म्हणजे समरजितची सख्खी वहिनी.

"गोळ्या किती उरल्यात?" केतकीने विचारलं.

"या आठवड्यापुरत्या. पुढचा खोका यायला हवा होता, आला नाही. तळावरचे म्हणतात, पुण्यालाच विचारा."

"येईल रे. विमानतळावर अडकला असेल कुठेतरी. डोकं दुखतंय का कुणाचं?"

"डोकं कशाला दुखतंय! काल इथे व्हॉलीबॉल खेळलो आम्ही."

केतकी हसली. पण फोन ठेवल्यावर तिने खोक्याचा माग काढला, तेव्हा तो कुठल्याच विमानतळावर अडकलेला नव्हता. तो गोळ्या पुरवणाऱ्या मित्रदेशाच्या गोदामातून निघालाच नव्हता. त्याच्या नोंदीपुढे एकच शब्द होता: पुनरावलोकनाधीन.

माणूस फार उंचावर गेला की त्याला प्राणवायू कमी पडतो. त्या वेळी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यांच्यातला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी पाझरून फुप्फुसात साचू लागतं. धडधाकट जवान स्वतःच्याच छातीत बुडून मरतो. शत्रूच्या गोळीने मेले नसतील इतके जवान त्या बर्फात असे गेले होते. यावर खात्रीचा उपाय एकच होता, सावकाश चढणं. वाटेत छावण्या असत. जवानाने एकेका टप्प्यावर राहायचं, शरीराला सवय होऊ द्यायची, मग पुढे निघायचं. त्यात आठवडे जात.

मग मित्रदेशाच्या शास्त्रज्ञांनी आतड्यात राहणाऱ्या एका साध्या जिवाणूच्या जनुकांत फेरफार केला. हा जिवाणू रक्तात एक द्रव्य सोडी आणि त्या द्रव्यामुळे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतच नसत. जिवाणूंची एक पुडी घ्यायची आणि हेलिकॉप्टरमधून थेट शिखरावर उतरायचं! सैनिकी मदतीचा भाग म्हणून हे औषध भारताला मिळालं, तेही फुकट. पहिल्या हिवाळ्यात एकही जवान फुप्फुसात पाणी होऊन दगावला नाही, तेव्हा केतकीने केंद्रात सगळ्यांना कंदी पेढे वाटले होते. जवानांनी जिवाणूंना 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

पाहुण्यांची एक खोड होती. त्यांना जगायला एक विशिष्ट अमिनो आम्ल लागे. ते प्रयोगशाळेत बनवलेलं होतं, निसर्गात कुठेही मिळत नसे. त्यामागे कारण होतं. असा फेरफार केलेला जिवाणू उद्या नदीनाल्यांत पसरला तर काय घ्या? त्यापेक्षा तो गोळीवर अवलंबून असावा. गोळी थांबली की तोही संपेल. तर्कात खोट नव्हती. आठवड्यातून दोनदा प्रत्येक जवान ती छोटी निळी गोळी गिळे. गोळी फार टिकत नाही म्हणून महिन्यापुरताच साठा येई. आणि करारातलं एक कलम सांगे की गोळीचं किंवा जिवाणूचं विश्लेषण भारताने करायचं नाही. केलं तर सगळी मदत थांबेल, नुसती गोळ्यांची नव्हे.

शरीर मोठं आळशी असतं. बाहेरून आयतं मिळू लागलं की स्वतःचं काम विसरतं. महिनोनमहिने पाहुण्यांवर विसंबलेल्या जवानांची स्वतःची यंत्रणा मंदावली होती. गोळी थांबली तर त्यांच्या रक्तवाहिन्या नव्या माणसापेक्षाही जोरात आकसणार होत्या. जुनी औषधंही त्यांना फारशी लागू पडणार नव्हती. शरीराचं जे झालं, तेच सैन्याचं झालं होतं. खर्च वाचवायला छावण्या बंद केल्या होत्या. ठाण्यांवरची प्राणवायूची नळकांडी कमी केली होती. आत आजाऱ्याला झोपवून हवा भरायच्या दाबपिशव्या पूर्वी प्रत्येक ठाण्यावर चार-पाच असायच्या. त्रिशंकूवर आता एकच होती.

दुसऱ्या दिवशी केतकी औंधमधल्या मित्रदेशाच्या संपर्क कार्यालयात गेली. तिथला वैद्यकीय अधिकारी डॉ. लेनार्ट बरीच वर्षं पुण्यात होता. मराठी शिकला होता, केतकीकडे येऊन थालीपीठ खाऊन गेला होता, समरजितबरोबर सिंहगड चढला होता. आज मात्र तो मराठीत एक शब्द बोलला नाही.

"तांत्रिक विलंब आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

"कुठलं तंत्र? खोका गोदामात पडून आहे."

"केतकी, मी डॉक्टर आहे. हे निर्णय माझ्या पातळीवर होत नाहीत."

"डॉक्टर आहेस म्हणूनच विचारते. गोळी थांबली की पाहुणे चार-पाच दिवसांत मरतात. मग जवानांचं काय होतं ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. खरं तर तूच मला शिकवलंस."

लेनार्टने खिडकीकडे पाहिलं. "त्यांना खाली आणा."

"या महिन्यातल्या वाऱ्यात हेलिकॉप्टर उतरत नाही. आणि पायी खाली यायचं तर मधली दरी उतरून पुन्हा खिंडीपर्यंत चढावं लागतं. भरलेल्या फुप्फुसांनी?"

"म्हणून म्हणतो, लवकर आणा."

त्याच्या आवाजात धाक नव्हता, विनवणी होती. तिला तेव्हा कळलं की याला सगळं ठाऊक आहे.

संध्याकाळच्या बातम्यांत उलगडा झाला. मित्रदेशाने भारत आणि शेजारी देश यांच्यात मध्यस्थी सुरू केली होती. शेजाऱ्याशी त्यांचा खनिजांचा मोठा सौदा ठरत होता, आणि शेजाऱ्याची पहिली अट होती की त्रिशंकू रिकामं व्हावं. निवेदिका म्हणाली, 'सदिच्छेचं पाऊल म्हणून भारताने हे ठाणं सोडावं अशी मित्रदेशाची अपेक्षा असल्याचं समजतं.'

केतकीने दिल्लीला नवऱ्याला फोन लावला. यशोधन शितोळे संरक्षण खात्यात परदेशी करारांच्या विभागात होता. त्रिशंकूवर बसलेला समरजित हा त्याचा धाकटा भाऊ.

"तुला माहीत होतं?"

"काल कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"गोपनीय आहे, केतकी. आणि हे बघ, त्यांनी धमकी दिलेली नाही. शांततेची बोलणी चालू असताना इतक्या उंचावरच्या फौजेला मदत करणं त्यांच्या कायद्यात बसतं का, हे ते तपासतायत."

"तुझ्या तरी लक्षात येतंय ना, तू काय बोलतोयस ते?"

यशोधनने सुस्कारा सोडला. "मी भाबडा नाही गं. पण आपली निम्मी विमानं त्यांच्या इंजिनांवर उडतात. किनाऱ्यावरची रडारं त्यांची. हे सगळं आपलं आपण बनवायचं तर वीस वर्षं लागतील, आणि शेजारी तोवर हाताची घडी घालून बसणार नाही. मदत घेतली नसती तर त्रिशंकू आपल्याकडे राहिलंच नसतं. दोन दिवस थांब. सरकार ठाणं सोडायला तयार होईल, गोळ्या येतील."

"सरकारला दोन दिवसांत ठरवायचंय की आपली जमीन सोडायची का. ते विचारतंय कोण? मित्र. आणि कसं विचारतोय? तुझ्या भावाचा गळा धरून!"

"त्याच्यासाठीच मी इथे धडपडतोय."

"मग त्यांना सांग, आधी गोळ्या पाठवा, मग बोलू."

"तसं बोलता येत नाही."

"का?"

यशोधनकडे उत्तर होतं, पण ते बायकोला सांगायची लाज वाटत असावी. हात पसरलेल्या माणसाला आधी-मग म्हणता येत नाही, एवढंच ते उत्तर होतं.

केतकीने दोन दिवस वाट पाहिली नाही. केंद्राचे प्रमुख ब्रिगेडियर कर्णिक यांच्यासमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, गोळी आपण बनवू या. अमिनो आम्लच आहे ते, काही देवाघरचं अमृत नाही."

कर्णिकांनी मान हलवली. "विश्लेषण केलं की करार मोडला. करार मोडला की इंजिनांचे सुटे भाग बंद. चाळीस जवानांसाठी मी सगळं हवाई दल जमिनीवर बसवू?"

"म्हणजे चाळीस जणांना आपणच ओलीस दिलंय."

"डॉक्टर, शब्द जपून वापरा." ते चिडले, मग आवाज उतरवून म्हणाले, "परवानगी नाही. हा माझा आदेश आहे."

केतकी तिथून निघाली, प्रयोगशाळेच्या शीतकपाटातून नमुन्यासाठी ठेवलेल्या गोळ्या आणि जिवाणूंची एक कुपी उचलली, आणि गाडी काढून थेट कुरकुंभला गेली. तिथल्या औद्योगिक वसाहतीत तिची कॉलेजातली मैत्रीण नजमा परकार औषधांचा छोटा कारखाना चालवत होती. मूळची रत्नागिरीची. रसायनशास्त्रात तिचा हात धरणारं त्यांच्या वर्गात कुणी नव्हतं.

नजमाने सगळं ऐकून घेतलं. "यात मी किती वर्षं आत जाईन?"

"माहीत नाही. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही."

"नाटकं नको करूस. दे इकडे."

गोळीत काय आहे हे दुपारपर्यंत समजलं. बनवणं मात्र सोपं नव्हतं. अशा रेणूंची दोन रूपं असतात, आपल्या दोन हातांसारखी. दिसायला सारखी, पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात जात नाही. पाहुण्यांना फक्त डावं रूप चालत होतं. नजमाच्या पहिल्या घाण्यात दोन्ही रूपं निम्मीनिम्मी आली, आणि काचेच्या बशीतले जिवाणू वाढण्याऐवजी मरून गेले. दुसरा घाणा थोडा बरा. तिसरा पुन्हा फसला. केतकी कारखान्यातच राहिली. नवऱ्याचे फोन येत होते, ती घेत नव्हती. समरजितचे मात्र घेत होती.

आता तो हसत नव्हता. गोळ्या संपल्या होत्या. ठाण्यावरची पोरं चढण चढताना धापा टाकू लागली होती. मग बसल्याजागी धापा टाकू लागली. केतकीने सांगितलं, कुणी उठायचं नाही, पहारेही बसून द्या, प्राणवायू फक्त निळ्या ओठांना. दाबपिशवीत हवालदार नवनाथ ढमाळला ठेवलं होतं. तो साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला. ठाण्यावरचा सगळ्यांत अनुभवी माणूस.

एका सकाळी समरजितचा आवाज वेगळाच आला.

"वहिनी, आणखी दोघांच्या तोंडाला गुलाबी फेस येतोय. पिशवी एकच आहे. नवनाथ जरा सावरलाय. त्याला बाहेर काढू का?"

मागून कुणाच्या तरी छातीतली घुरघुर फोनवर स्पष्ट येत होती, हुक्क्यात पाणी बोलतं तशी.

"वहिनी, ऐकताय ना? कुणाला काढू?"

"आळीपाळीने ठेव," ती म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. "एकेका तासाने बदल. बाहेरच्याला नळकांडं लाव. पडू देऊ नकोस, बसवून ठेव."

"बरं."

नवनाथ ढमाळ त्याच्या बाहेरच्या तासात गेला. बसल्या बसल्या, पाठ भिंतीला टेकलेली असताना. पिशवीतल्या पोराला ते कळलंही नाही. समरजितने हे सांगितलं तेव्हा तो रडत नव्हता. तो म्हणाला, "शेजाऱ्याचा एकही माणूस आमच्यावर चालून आलेला नाही, वहिनी. दुर्बिणीतून बघतोय ना, ते तिकडे चहा पितायत. आमच्यावर कुणी गोळी झाडली नाही. फक्त एक गोळी दिली नाही."

त्याच दुपारी नजमाचा घाणा साधला. बशीतले जिवाणू भराभर वाढू लागले. पण नजमाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिने केतकीला हाताला धरून बाकावर बसवलं.

"ही गोळी टिकत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

"करारातच आहे. म्हणून तर महिन्याचाच साठा."

"मी आपण बनवलेली पूड उकळली, उन्हात ठेवली, वाट्टेल ते केलं. दगड आहे दगड! बरणीत भरून माळ्यावर टाकलीस तर तुझी पोरं निवृत्त होतील तोवर टिकेल. नासतो तो त्यांच्या गोळीवरचा लेप. मी तो वेगळा काढून तपासला. त्यात एक विकर घातलंय, एन्झाइम गं, पोटात अन्न पचवायला असतात तसलं. ते सावकाश मोकळं होतं आणि महिन्या-दीड महिन्यात आतलं सगळं खाऊन टाकतं. औषधाला त्याचा काडीचा उपयोग नाही. केतकी, ही गोळी नासते म्हणून नासत नाही. नासावी म्हणून बनवलीय."

केतकीला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. भारताने कधी साठा करू नये, दर महिन्याला हात पुढे करावा, आणि ज्या महिन्यात मित्राच्या मनाला येईल त्या महिन्यात तो हात रिकामा परत यावा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पेढे वाटले त्या दिवशीही ठरलेलं होतं. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. शत्रूचा राग येतो तेव्हा निदान त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी नसते.

तिने आधी लेनार्टला फोन केला. एकच प्रश्न विचारला. "लेपातलं विकर तुला माहीत होतं?"

या वेळी तो मराठीत म्हणाला, "निर्णय माझा नव्हता."

"पण थालीपीठ तू खाल्लंस," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

गोळ्यांचा डबा आणि कुपीतून वाढवलेल्या जिवाणूंच्या पुड्या तिने कर्णिकांच्या टेबलावर ठेवल्या. आदेश मोडल्याचं स्वतःच सांगितलं आणि विकराचंही सांगितलं. कर्णिक पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "तुमची खात्री आहे? मुद्दाम घातलंय?" खात्री पटल्यावर ते उठून उभे राहिले.

"छावण्या बंद करायच्या कागदावर माझी सही आहे. त्यांच्या माणसाने समोर बसून मला सांगितलं होतं, मित्र असताना तुम्हाला छावण्या कशाला हव्यात?"

त्यांनी उत्तर विभागाच्या सेनापतींना स्वतः फोन लावला. हेलिकॉप्टर त्या वाऱ्यात जाणं शक्य नव्हतं, पण देशी बनावटीचा एक मालवाहू ड्रोन होता. धिप्पाड, ओबडधोबड, मित्रदेशाच्या यंत्रांपुढे खेळण्यासारखा वाटणारा. पहिला ड्रोन खिंडीत कोसळला. दुसरा ठाण्यापासून बराच लांब माल टाकून भरकटला. समरजितने दोन पोरांना दोरीला बांधलं आणि तिघं रांगत रांगत गेले. उभं राहायची ताकद कुणातच नव्हती. डबा आला तोवर आणखी दोघे गेले होते.

पाहुण्यांना पुन्हा रुजायला वेळ लागला. पण दुसऱ्या दिवशी घुरघुर कमी झाली आणि तिसऱ्या दिवशी समरजितने कळवलं की पोरं उठून बसलीत, आणि भूक लागली म्हणून एकमेकांवर खेकसतायत. केतकी नजमाच्या कारखान्यातल्या सिमेंटच्या पायरीवर बसून मनसोक्त रडली.

त्याच दिवशी दिल्लीने जाहीर केलं की शांततेसाठी भारत त्रिशंकू ठाणं सोडत आहे. जोडीला आणखी एक निवेदन होतं. हिमवादळात तीन जवान हुतात्मा झाले असून मित्रदेशाने तातडीने पाठवलेल्या वैद्यकीय मदतीमुळे उरलेल्यांचे प्राण वाचले, त्याबद्दल देश ऋणी आहे. मित्रदेशाचा खोका तळावर उतरला तो त्यानंतर, जवान खाली आल्यावर. त्याचे फोटो मात्र छान आले.

केतकी निलंबित झाली. नजमाच्या कारखान्याला टाळं लागलं. करारभंगाची शिक्षा म्हणून इंजिनांचे सुटे भाग रोखले गेले आणि विमानांच्या दोन तुकड्या जमिनीवर बसल्या. यशोधन पुण्याला आला तेव्हा त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं.

"मला ठाऊक आहे," केतकी म्हणाली. "माझ्यामुळे झालं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. आणि तू म्हणतोस ती वीस वर्षं आपण मागे सुरू केली असती, तर आज बरीचशी सरली असती."

"तुला राज्य चालवायचं नाही, म्हणून सोपं वाटतं."

"मला सोपं वाटतं? कुणाला पिशवीबाहेर काढायचं ते मी सांगितलं, यशोधन."

दोघे सैनिकी रुग्णालयात समरजितला भेटले. तो वाचला होता, पण फुप्फुसं कायमची अधू झाली होती. चार पावलं चालला तरी थांबावं लागे. भावाला बघून तो उठू लागला, यशोधनने त्याला खाली दाबलं. समरजित मित्रदेशाबद्दल काही बोलला नाही, सरकारबद्दलही नाही. एवढंच म्हणाला, "दादा, नवनाथच्या घरी कोण जाणार आहे?"

"मीच. खात्याकडून मला पाठवतायत. तिन्ही घरी."

"काय सांगणार?"

खात्याने यशोधनला मानपत्र दिलं होतं आणि काय सांगायचं तेही दिलं होतं. वादळ अचानक आलं. दोन्ही देशांच्या डॉक्टरांनी शर्थ केली.

कोरेगावच्या पुढे धामणवाडी लागते. केतकी सोबत गेली. तिने जायचं नव्हतं, निलंबित माणसाने कुटुंबीयांना भेटू नये असा आदेश होता. यशोधनने तिला अडवलं नाही.

ढमाळांच्या अंगणात वाळत घातलेलं आलं पसरलं होतं. ओसरीवर गावातली माणसं बसली होती, नवनाथचे वडील त्यांच्यात मान खाली घालून. नवनाथची बायको अश्विनी आतल्या खोलीत होती. तिने दोघांना पाणी दिलं आणि समोर बसली. यशोधनने मानपत्र तिच्या हातात दिलं. तिने ते न बघता बाजूला ठेवलं.

"वादळ अचानक आलं," यशोधन म्हणाला. "दोन्ही देशांच्या डॉक्टरांनी..."

"साहेब," अश्विनी मधेच म्हणाली, "आदल्या दिशी त्यांचा फोन आला हुता. म्हणले, वारा हाय, पर ऊन झक्क पडलंय. बोलताना छातीत घुरघुर वाजत हुती. मी म्हणलं, सर्दी झालीय का? तर म्हणले, गोळी यायची हाय, मग बरं वाटंल." ती थांबली. "गोळी कुटनं यायची हुती?"

केतकीने नवऱ्याकडे पाहिलं. ती स्वतः सांगू शकली असती. जीभ शिवशिवत होती. पण ती बोलली नाही. तो प्रश्न यशोधनला विचारला होता.

यशोधनने बाजूला पडलेलं मानपत्र हाताने आणखी लांब सारलं.

"मित्रदेशातून," तो म्हणाला.

"मग का न्हाई आली?"

"त्यांनी रोखली. आपण ते ठाणं सोडावं म्हणून." त्याचा आवाज आधी चाचरला, मग सुटत गेला. "वादळ नव्हतं, ताई. गोळ्या त्यांच्या गोदामात तयार पडून होत्या. आपल्याकडे साठा नव्हता, कारण साठा राहूच नये अशीच ती गोळी बनवली होती. आणि आपण कधी विचारलं नाही, कारण फुकट मिळत होती. उरलेली पोरं वाचली ती त्यांच्या मदतीने नाही. हिने आणि हिच्या मैत्रिणीने गोळ्या बनवल्या, म्हणून वाचली. नवनाथपर्यंत त्या पोचल्या नाहीत."

"एक पिशवी होती," केतकी म्हणाली. "त्यात आळीपाळीने ठेवा असं मी सांगितलं होतं. ते बाहेर असताना गेले."

अश्विनीने तिच्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते केतकीला समजलं नाही. अश्विनी पुन्हा यशोधनकडे वळली.

"हे सांगायला तुमास्नी सरकारनं धाडलंय?"

"नाही."

"मग तुमची नोकरी?"

"जाईल बहुतेक."

अश्विनी उठली. डोक्यावरचा पदर नीट केला, दाराशी गेली आणि ओसरीकडे बघून म्हणाली, "मामंजी, आत या. समदीच या. आबा, पाटलीणकाकी, तुमी बी या."

माणसं आत आली, भिंतीला टेकून दाटीवाटीने उभी राहिली. नवनाथच्या वडिलांना कुणीतरी खुर्ची दिली. अश्विनी पुन्हा यशोधनसमोर बसली.

"आता परत सांगा, साहेब," ती म्हणाली. "पयल्यापास्नं. मामंजींना कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं सांगा."

यशोधनने घसा खाकरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.